कुंपण ओलांडणारा उजेड

शेजाऱ्याच्या अंगणातील फ्लडलाइटचा झोत कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या उशीवर पडतो, तेव्हा त्याला प्रकाशाचे अतिक्रमण, म्हणजेच नको तेथे पोहोचलेला उजेड, असे म्हणता येते. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने अशा प्रकाशाचा समावेश वैधानिक उपद्रवांत केला असून, तक्रार आल्यावर स्थानिक परिषदेला चौकशी करावी लागते आणि उपद्रव सिद्ध झाल्यास तो थांबवण्याची नोटीस बजावावी लागते. विमानतळ, तुरुंग व दीपगृहे मात्र त्यातून वगळलेली आहेत.

भारतात प्रकाशप्रदूषणासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नसला, तरी महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारे क्षेत्र, अशी मान्यता मिळाली, आणि त्यासाठी सिल्लारीसह आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवण्यात आली.

घरगुती तंट्यावरील उपायही याच तत्त्वावर उभा आहे: दिवा खाली झुकवावा, त्यावर पत्र्याची झाकणी बसवावी आणि ३००० केल्विनपेक्षा कमी रंगतापमानाचा, म्हणजे पिवळसर छटेचा बल्ब निवडावा, कारण निळसर प्रकाश हवेत अधिक विखुरतो. अंगण उजळावे, शेजाऱ्याची झोप आणि आकाशातील तारेही राखावेत, एवढे भान प्रत्येक घराला सहज शक्य आहे.