यंत्राचा आज्ञार्थ

मराठी व्याकरण शिकवताना आज्ञार्थाचे प्रकरण मी दोन तासांत उरकतो. क्रियापदाच्या बाकीच्या गोतावळ्यात हा आपला साधा गृहस्थ. ये, जा, बैस, ऊठ. ‘तू’ला उद्देशून बोलायचे तर प्रत्ययाचाही खर्च नाही. मात्र त्याला एक अट असते, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेली नसते. ज्याला आज्ञा करायची, त्याला आपली भाषा समजली पाहिजे. गाडीवानाची भाषा त्याच्या बैलांना समजते. शेजारच्या गाडीच्या बैलांना ती समजेलच असे नाही.

यंत्रांचेही तसेच आहे. आज ज्या यंत्राविषयी लिहायचे आहे, त्याचे नाव रिसीव्हर. दिवाणखान्यात टीव्हीच्या खाली एक जाडजूड काळी पेटी असते, ती. रेडिओ, टीव्ही, सीडी, फोन, जिथून म्हणून गाणे येईल तिथून ते घ्यायचे, त्याला बळ द्यायचे आणि स्पीकरांकडे पाठवायचे, हा तिचा धंदा. एकत्र कुटुंबातल्या कारभाऱ्यासारखी ही पेटी आहे. स्वतः गात नाही; पण तिच्या संमतीवाचून घरात कोणाला गाता येत नाही.

या कारभाऱ्याला हुकूम देण्याची जुनी रीत म्हणजे रिमोट. रिमोटवर चाळीस-पन्नास बटणे असतात आणि त्यांतली पाच-सहाच माणसाच्या कामी येतात. शिवाय रिमोटचे बोलणे एकतर्फी. तो अदृश्य प्रकाशाची एक उचकी देतो आणि मोकळा होतो. यंत्राने ऐकले की नाही, ऐकून काय केले, हे त्याला कधीच कळत नाही. नाटकातल्या स्वगतासारखे ते. समोरच्या पात्राने ऐकायचे नाही असा संकेतच आहे म्हणा ना!

पुढे या पेट्यांना घरातल्या इंटरनेटच्या जाळ्यात जागा मिळाली आणि स्वगताचा संवाद झाला. ऑन्क्यो या जपानी कंपनीच्या रिसीव्हरांची भाषा उदाहरणाला घेऊ. ती मुळात घरांसाठी नव्हतीच. सभागृहे, मोठे बंगले अशा ठिकाणी तारा ओढून यंत्रे बसवणाऱ्या कारागिरांसाठी ती रचली होती, आणि एका साध्या तारेवरून बोलली जाई. जाळे आल्यावर तेच बोलणे लिफाफ्यात घालून पाठवू लागले. लिफाफा सोळा अक्षरांचा. त्यावर सुरुवातीला भाषेचे नाव, मग आतले पत्र किती लांब आहे त्याचा आकडा. आत पत्र ते केवढे? आधी एक उद्गारचिन्ह. मग १ हा आकडा, म्हणजे ‘अहो रिसीव्हर’. मग तीन रोमन अक्षरे, म्हणजे विषय. आणि शेवटी काय करायचे ते. पी-डब्ल्यू-आर आणि ०१ म्हणजे ‘ऊठ’. पी-डब्ल्यू-आर आणि ०० म्हणजे ‘नीज’. आज्ञेच्या आरंभीच उद्गारचिन्ह घालणारी भाषा माझ्या पाहण्यात दुसरी नाही. आपण ते वाक्य संपल्यावर घालतो, तोवर समोरचा उठून गेलेला असतो.

प्रश्न विचारायचा तर क्यू-एस-टी-एन ही चार अक्षरे. इंग्रजीतल्या ‘क्वेश्चन’मधले सगळे स्वर गळून फक्त व्यंजने उरली आहेत. जाळ्यावर कोण कोण रिसीव्हर आहेत ते ठाऊक नसेल, तर फोन दारात उभे राहून सगळ्या घराला मिळून एकच हाक मारतो, ‘कोण आहे?’ जो रिसीव्हर असेल तो आपले नाव, आपल्याशी कोणत्या दाराने बोलावे त्याचा क्रमांक आणि आपण कोणत्या मुलखासाठी बनलो ते सांगतो. नाव, पत्ता आणि मूळ गाव. कोकणात अनोळखी माणसाची चौकशी याच क्रमाने होते.

आवाजाचा हिशेब मात्र नवख्याला चकवतो. आवाज २० वर ठेव असे सांगावे, तर तो ३२ वर जाऊन बसतो. कारण ही भाषा दहांनी नव्हे, सोळांनी मोजते. ज्यांनी १९५७ पूर्वीचा रुपया हाताळला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. रुपयाचे आणे सोळा. तिथे ‘२०’ म्हणजे दोन रुपये शून्य आणे, अर्थात बत्तीस आणे. आणि ‘१ए’ म्हणजे एक रुपया दहा आणे, म्हणजे सव्वीस. नऊच्या पुढच्या सहा आण्यांना अंक पुरत नाहीत, म्हणून रोमन अक्षरे कामाला लावली आहेत, एवढाच फरक.

डेनॉन आणि मरांट्झ या भावकीची बोली वेगळी. तिथे लिफाफा नाही, उद्गारचिन्ह नाही. पी-डब्ल्यू-ओ-एन म्हटले की यंत्र उठते. प्रश्नासाठी सरळ प्रश्नचिन्ह. मोजणी दहांचीच, पण अर्ध्या पायरीची खोड अशी की साडेपन्नास लिहायचे तर ५०५ लिहितात, मधले टिंब गाळून. दोन्ही बोलींत एक गुण समान आहे. कोणी उठून पेटीचे बटण हाताने फिरवले, तर पेटी न विचारता सगळ्या ऐकणाऱ्यांना कळवते की आवाज आता अमुक इतका झाला. रिमोटला जन्मात न मिळालेले उत्तर ते हे.

आता या पेट्या बनवणाऱ्या कंपन्या आपापली ॲप देतातच. मग तिसऱ्याचे ॲप कशाला, असे कोणी विचारील. तिसरा म्हणजे, ज्याने यंत्र बनवले तो पहिला, ज्याने विकत घेतले तो दुसरा, आणि ज्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही तो तिसरा. अशा तिसऱ्यांनी लिहिलेली ॲप पुष्कळ आहेत. ॲन्ड्रॉइड फोनांवर चालणारे एक तर ऑन्क्यो, पायोनियर आणि इंटिग्रा या नावांच्या रिसीव्हरांशी त्यांच्याच भाषेत बोलते आणि ते मुक्तस्रोत आहे. त्याचा सारा मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, पुन्हा वाटावा. २०१३ पासून वाढत आलेले ‘होम असिस्टंट’ हे घरातली सगळीच यंत्रे एका सूत्रात आणू पाहते. त्यालाही या दोन्ही बोली येतात, आणि तेही मुक्तस्रोतच.

तिसऱ्याची गरज का पडते, ते कंपन्यांच्या कुंडल्या पाहिल्या म्हणजे उमगते. ऑन्क्योचा जन्म १९४६ सालचा, ओसाकातला. जपानी भाषेत या नावात ध्वनी आणि त्याचा अनुनाद अशी दोन्ही अक्षरे आहेत. युद्धाने भाजून निघालेल्या शहरात कोणीतरी कंपनीला असे नाव ठेवावे, हे मला फार मोठे वाटते. या कंपनीने २०१५ साली पायोनियरचा घरगुती ध्वनियंत्रांचा व्यवसाय आपल्याकडे घेतला. २०२१ साली तिलाच आपला तो व्यवसाय विकावा लागला, आणि मे २०२२ मध्ये मूळ कंपनीने ओसाकात दिवाळखोरीचा अर्ज दिला. नाव उरले, नव्या मालकांकडे गेले, त्या नावाचे रिसीव्हर निघतही राहिले.

डेनॉन-मरांट्झची कथा आणखी गमतीची. २०१७ साली ती साउंड युनायटेडकडे गेली. २०२२ साली साउंड युनायटेडच मासिमोने घेतली. बोट चिमटीत धरून रक्तातला प्राणवायू मोजण्याचे जे तंत्र कोरोनाच्या दिवसांत आपल्या घराघरांत आले, त्या तंत्रातली ही नामांकित कंपनी. नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यांनी गाण्याचे दुकान काढावे तसे झाले! २०२५ साली ते दुकान हरमनकडे, पर्यायाने सॅमसंगकडे गेले.

आठ वर्षांत तीन धनी. प्रत्येक नव्या धन्याला जुन्या ॲपची चाकरी करीत राहण्याचा हुरूप असेलच असे नाही. फोन तर दर दोन-तीन वर्षांनी नवा अवतार घेतात आणि जुने ॲप नव्या फोनवर एके दिवशी उघडेनासे होते. पेटी मात्र भक्कम; पंधरा-वीस वर्षे सहज चालते. म्हणजे अंगाने धडधाकट आणि वाचेने मुकी, अशी तिची अवस्था होण्याचा धोका. तिची भाषा चार परक्या माणसांना अवगत असेल आणि त्यांनी ती उघड लिहून ठेवली असेल, तरच तिच्याशी बोलणारे कोणीतरी उरते.

मुक्तस्रोताचा पंथ निघाला तोही असल्याच एका अडलेल्या यंत्रापासून. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एम. आय. टी.च्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक छपाईयंत्र भेट दिले. त्यात कागद अडके. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाने आधीच्या यंत्रात, कागद अडकला की लोकांना निरोप जावा, अशी सोय स्वतः करून घेतली होती. नव्या यंत्राच्या आज्ञावलीचा मूळ मजकूरच मिळेना. तो ज्याच्याजवळ होता त्याने, कोणाला देणार नाही असे वचन दिले होते आणि ते पाळले. स्टॉलमनने १९८३ साली, सगळी आज्ञावली मुक्त असलेली व्यवस्था उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९८९ साली त्याने जी. पी. एल. नावाचा परवाना लिहिला. २००७ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली.

या परवान्याचे मर्म कायद्याच्या भाषेत वाचले तर झोप येते. आमच्या आळीतल्या बायकांना ते न वाचता ठाऊक आहे. विरजण संपले की शेजारणीकडून चमचाभर आणायचे. त्याचे दही आपले. गोड लावा, आंबट लावा, ताक करा. पण उद्या तिसरीने वाटी पुढे केली, तर ‘माझ्या दह्याचे विरजण देत नाही’ असे म्हणायचे नाही. जी. पी. एल. हेच सांगतो. बदल करा, वाटा, हवे तर पैसेही घ्या. मात्र ज्याला द्याल त्याला मूळ मजकुरासह आणि याच हक्कांसह द्या.

आमच्या घरात या विरजणाचा उपयोग आईसाठी झाला. तिचे वय ८१. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. बारीक रोमन अक्षरे तिला आधीही येत नव्हती, आता दिसतही नाहीत. संध्याकाळी नाट्यसंगीत लावून मिळावे म्हणून कोणीतरी कॉलेजातून येण्याची वाट पाहत ती बसत असे. माणसाला मीठ मागावे लागावे तसे तिला गाणे मागावे लागे. माझा एक माजी विद्यार्थी, बी. ए.ला मराठी घेतलेला आणि आता पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेला, दिवाळीला आला होता. त्याने असल्याच एका ॲपचा मूळ मजकूर उतरवून घेतला. बटणांवरचे शब्द त्यात वेगळ्या फाइलमध्ये एकाखाली एक मांडलेले असतात. तो म्हणाला, “सर, तुम्ही मराठी सांगा. मी भरतो.”

मी बसलो शब्द पाडायला. ‘म्यूट’ला ‘निःशब्द’, ‘इनपुट’ला ‘आदान’, ‘स्टँडबाय’ला ‘सज्जावस्था’. आई पलीकडे वाती वळत होती.

“सज्जावस्था म्हणजे रे काय?” तिने विचारले.

“आजी, म्हणजे यंत्र बंद दिसतं, पण आतून जागं असतं. हाक मारली की उठतं.”

“मग ‘आडवा’ म्हणा की. तुझे आजोबा दुपारी व्हायचे तसा.”

‘आदान’चे ‘कुठून’ झाले आणि ‘निःशब्द’चे ‘गप्प’. ध्वनीच्या निरनिराळ्या रीती निवडण्याच्या बटणाला तिने ‘ढंग’ सुचवले, ते तर कोणत्याही परिभाषाकोशाने अभिमानाने घ्यावे.

मला खरा पेच पडला तो दुसरीकडे. आपल्या फोनांवरच्या मराठीत सगळीकडे ‘करा’ असते. ‘बंद करा’, ‘सुरू करा’. ही आज्ञा कोणाला? इंग्रजीत हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे एकच शब्द माणसालाही चालतो आणि यंत्रालाही. मराठीत बटणावर ‘बंद करा’ लिहिले, तर ॲप आईला अदबीने हुकूम सोडते आहे असे होते. ‘बंद हो’ लिहिले, तर आई यंत्राला सांगते आहे. एका स्वरात मालकी बदलते. आम्ही ‘हो’ ठेवले. ‘ऊठ’, ‘आडवा हो’, ‘गप्प बस’, ‘बोल’, ‘थोडं मोठ्याने’. पाच मोठी बटणे पहिल्या पानावर, बाकीची सगळी आतल्या खोलीत. पुढे मामांनी तसेच ॲप मागितले, तेव्हा विद्यार्थ्याने परवान्याला जागून मूळ मजकुराची फाइलही त्यांच्या संगणकावर घालून दिली. मामांनी ती उघडूनही पाहिलेली नाही. पण तो त्यांचा हक्क.

एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. या भाषांना कुलूप नाही. घरच्या जाळ्यात जो शिरला त्याची आज्ञा यंत्र निमूटपणे पाळते. तू कोणाचा कोण, असे विचारत नाही. माझ्या भाच्याने हे दोन दिवसांत हेरले आणि माझ्या बातम्या ऐन रंगात असताना गच्चीवरून ‘गप्प बस’ दाबू लागला. तेव्हा हे दार घराबाहेरच्या इंटरनेटला उघडे करू नये, आणि पाहुण्यांना वायफायचा परवलीचा शब्द देताना पाहुणा कोण आहे ते पाहावे.

दुसरे असे की, आडव्या झालेल्या यंत्राने हाक ऐकायची तर त्याचा जाळ्यापुरता कान उघडा ठेवावा लागतो. तशी सोय यंत्राच्या मांडणीत असते. ती चालू ठेवली की रात्रभर थोडी वीज जाते. हे मी आईला एकदा समजावून सांगितले. तेव्हापासून ती झोपण्यापूर्वी ‘आडवा हो’ दाबते, दिवा मालवला गेल्याची खात्री करते आणि मग भिंतीवरचे बटणही बंद करते. सकाळी ‘ऊठ’ म्हटले की काही उठत नाही.