गणपती-दिवाळीची पिक्सेल लाइट: कंट्रोलर का उडतो, वायर का तापते? जोडणीआधी हा हिशेब करा

गणपती, नवरात्र, दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या बाजारात पिक्सेल लाइटच्या माळा दिसायला लागतात. जुन्या माळेला पिन लावली की काम झालं. पिक्सेल माळेचं तसं नाही. तिला कंट्रोलर लागतो, एसएमपीएस लागतो आणि जोडणी स्वतःच करावी लागते. गावोगावची पोरं मोबाइलवर व्हिडिओ पाहून ही जोडणी करतात, आणि आरासही झकास होते. पण बऱ्याच व्हिडिओत पॅटर्न कसा भरायचा एवढंच दाखवतात. वायर किती जाडीची घ्यायची, फ्यूज कुठे लावायचा, अर्थिंग कुठून घ्यायचं, हे राहून जातं. मग ऐन आरतीच्या वेळी माळ बंद पडते, कंट्रोलर उडतो, नाहीतर पडद्यामागे वायर वितळते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. या आराशीत दोन बाजू असतात. २३० व्होल्टच्या बाजूला शॉकचा धोका, आणि ५ व्होल्टच्या बाजूला आगीचा धोका. बहुतेक जण पहिल्या बाजूला घाबरतात आणि दुसरीला खेळणं समजतात.

नेमकं काय काय लागतं?

- पिक्सेल माळ: बाजारात जास्त चालते ती डब्ल्यूएस२८११ चिपची. एका माळेत साधारण ५० दिवे. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन रंग आणि एक छोटी चिप. वायर तीन: प्लस, मायनस आणि डेटा.
- एसएमपीएस: घरातली २३० व्होल्टची वीज ५ किंवा १२ व्होल्ट डीसी करणारा पत्र्याचा जाळीदार डबा.
- कंट्रोलर: कुठल्या दिव्याने कधी कोणता रंग दाखवायचा हे सांगणारा. टी-१०००एस सारख्या कंट्रोलरमध्ये एसडी कार्ड असतं, पॅटर्न कॉम्प्युटरवर बनवून कार्डात भरायचा. दुसरा प्रकार म्हणजे ईएसपी३२ बोर्ड. त्यात डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की बोर्ड स्वतःचा वायफाय हॉटस्पॉट सुरू करतो आणि मोबाइलवरून रंग बदलता येतात. त्याला इंटरनेट लागत नाही.

कंट्रोलर फक्त हुकूम देतो, दिव्यांना वीज पुरवणं त्याचं काम नाही. सगळ्या माळांची वीज कंट्रोलरच्या छोट्या टर्मिनलमधून फिरवली की तो तापतो आणि जळतो. माळांना वीज थेट एसएमपीएसमधून द्यायची, आणि कंट्रोलरमधून फक्त डेटाची वायर पुढे न्यायची.

आधी कागदावर हिशेब

५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०६ अँपिअर खातो. समजा पडवी, तुळशीवृंदावन आणि कंपाउंड मिळून ५०० दिवे लावायचे आहेत.

- ५०० × ०.०६ = ३० अँपिअर
- ३० अँपिअर × ५ व्होल्ट = १५० वॅट

एसएमपीएस कधीही पूर्ण क्षमतेवर चालवू नये, ८० टक्क्यांपर्यंतच ठेवावा. ४० अँपिअरच्या एसएमपीएसचे ८० टक्के म्हणजे ३२ अँपिअर. आपली गरज ३० ची, म्हणून ५ व्होल्ट ४० अँपिअरचा एसएमपीएस घ्यायचा. तीसची गरज आणि तीसचाच डबा घेतला तर तो रोज तापणार आणि कधीतरी बसणार.

माळ आणि एसएमपीएसचे व्होल्ट जुळलेच पाहिजेत. ५ व्होल्टच्या माळेला १२ व्होल्टचा एसएमपीएस लावला तर माळ त्याच क्षणी जळते. कंट्रोलर किती व्होल्टवर चालतो हेही त्याच्यावर वाचून घ्या.

बिलाची चिंता मात्र फार नको. ५०० दिवे सतत पूर्ण पांढरे पेटले तरी एसएमपीएसमधला लॉस धरून १७५ वॅटच्या आसपास वीज जाते. रोज पाच तास, दहा दिवस लावले तर नऊ युनिटच्या आत काम होतं. रंग बदलत असतील तर त्याहूनही कमी.

५ व्होल्टला शॉक बसत नाही, मग वायर का जळते?

वर काढलेला आकडा पुन्हा बघा. तीच आरास २३० व्होल्टच्या बाजूने फार थोडे अँपिअर घेते. पण ५ व्होल्टच्या बाजूने ३० अँपिअर जातात. वायर तापते ती अँपिअरने. बेलची किंवा स्पीकरची बारीक वायर लावून ३० अँपिअर ओढले तर ती वायर शेगडीच्या तारेसारखी तापणार. तिच्या शेजारी कापडी पडदा, क्रेप कागद, थर्माकोल असला तर पुढचं सांगायला नको. आणि गंमत म्हणजे एवढं होऊनही घराचा एमसीबी पडत नाही, कारण त्याच्या बाजूने फार थोडे अँपिअर गेलेले असतात.

म्हणून ५ व्होल्टच्या बाजूला वेगळे फ्यूज हवेत. ते शोधायला शहरात जायची गरज नाही. मोटारसायकल-कारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पातीचे फ्यूज आणि त्यांचे होल्डर मिळतात. ५० दिव्यांची माळ जास्तीत जास्त ३ अँपिअर घेते, तिला ५ अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज माळेजवळ नको, एसएमपीएसजवळ हवा. म्हणजे मधली वायर कुठे दाबली गेली, उंदराने कुरतडली, तरी फ्यूज उडतो आणि वायर वाचते.

वायर किती जाडीची?

बारीक वायरमधून जाताना व्होल्ट गळतात. एसएमपीएसपासून माळ ५ मीटर लांब आहे आणि वायर १ स्क्वेअर एमएमची तांब्याची आहे असं धरा. ३ अँपिअर जाताना जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो. २३० मधून अर्धा गेला तर कळतही नाही, पण ५ मधून अर्धा गेला तर फरक दिसतो. तीच वायर २.५ स्क्वेअर एमएमची घेतली तर गळती पाव व्होल्टच्याही आत येते.

माळेच्या शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट किंवा लालसर दिसू लागले तर समजा, व्होल्ट पोचत नाहीत. निळ्या आणि हिरव्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून ते आधी मंदावतात. पुष्कळ जण माळ खराब म्हणून दुकानदाराशी भांडतात. दोष वायरचा असतो.

जोडणी अशी करा

१. एसएमपीएस दिव्यांच्या जवळ ठेवा, पण छपराखाली. २३० व्होल्ट चांगल्या तीन तारांच्या केबलने तिथपर्यंत न्या. ५ व्होल्टच्या वायरी आखूड आणि जाड ठेवा.

२. एसएमपीएसला प्लसचे आणि मायनसचे प्रत्येकी दोन-तीन स्क्रू असतात. भार सगळ्या स्क्रूंवर वाटा. वायरीच्या टोकाला थिंबल दाबा. नुसते केस वळून स्क्रूत कोंबले की जोड सैल होतो आणि तिथेच ठिणगी पडते.

३. एकामागे एक दहा माळा जोडून पहिल्याच माळेतून सगळी वीज ढकलू नका. माळेची वायर एवढ्यासाठी नसते. प्रत्येक माळेला एसएमपीएसमधून स्वतंत्र प्लस-मायनस द्या. दोन माळांच्या मधली प्लसची वायर तोडा आणि तिची टोकं टेप लावून बंद करा. नाहीतर एका माळेचा फ्यूज उडाला तरी शेजारच्या माळेतून तिला वीज मिळत राहते. मायनस आणि डेटा मात्र पुढे चालू ठेवा.

४. कंट्रोलरचा मायनस आणि एसएमपीएसचा मायनस एकत्र जोडलेला हवाच. तो नसेल तर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. दोन एसएमपीएस वापरत असाल तर दोघांचे मायनस जोडा. दोघांचे प्लस कधीही एकमेकांना जोडू नका.

५. डेटा एकाच दिशेने जातो. माळेच्या एका टोकाला इन, दुसऱ्याला आउट. दिव्यावर किंवा पट्टीवर बाण असेल तर तो कंट्रोलरपासून दूर जाणारा हवा.

६. कंट्रोलर पहिल्या दिव्याच्या जवळ ठेवा, शक्यतो दोन-तीन मीटरच्या आत. ईएसपी३२ बोर्ड डेटा ३.३ व्होल्टने पाठवतो आणि माळ ५ व्होल्टची असते. लांब वायरीवर तो सिग्नल कमी पडतो. तेव्हा मध्ये ७४एचसीटी२४५ सारखी लेव्हल बदलणारी चिप लावावी लागते.

७. वीज चालू असताना माळेची पिन काढू-घालू नका. कंट्रोलर आणि पहिला दिवा सगळ्यात जास्त मरतात ते यामुळेच.

२३० व्होल्टच्या बाजूला तडजोड नको

एसएमपीएसच्या अंगावर ११०/२२० असं लिहिलेली छोटी सरकपट्टी असते. पहिल्यांदा चालू करण्याआधी ती २२० वर आहे ना, ते डोळ्यांनी बघा. ११० वर राहिली तर आवाज करून एसएमपीएस जातो.

एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल आणि तिसरा स्क्रू अर्थिंगचा. अर्थिंग जोडलं नाही तरी दिवे पेटतात, म्हणून लोक ते सोडून देतात. पण एसएमपीएसचा डबा पत्र्याचा आहे. आत बिघाड झाला की फेज त्या पत्र्यावर येतो आणि अर्थिंग नसेल तर तो हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जातो. गणपतीत अंगण ओलं असतं, माणसं अनवाणी असतात आणि लहान मुलं आराशीजवळच खेळत असतात.

ज्या बोर्डावरून वीज घेणार तिथे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. दोघांचं काम वेगळं आहे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. ते दाबल्यावर तो पडला पाहिजे. नाही पडला तर तो बदला.

एसएमपीएसला पाऊस चालत नाही आणि कोंडलेलंही चालत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. छपराखाली, जमिनीपासून उंचावर, हवा खेळेल असा ठेवा. आजूबाजूला वीतभर जागा मोकळी सोडा, कापड-कागद लांब ठेवा.

गावातली वीज आणि एसएमपीएस

संध्याकाळी डीपीवर लोड आला की व्होल्टेज पडतं. बरेच एसएमपीएस साधारण १८० व्होल्टपर्यंत नीट चालतात. त्याच्या खाली ते बंद-चालू होतात आणि कंट्रोलर पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तुम्हाला वाटतं कंट्रोलर बिघडला. आधी मल्टिमीटरने बोर्डावर व्होल्टेज मोजा. घरातले बल्ब एकदम जास्त पेटायला लागले तर मात्र लगेच मेन बंद करा. न्यूट्रल तुटल्याची ती खूण असू शकते आणि तेव्हा घरातल्या सगळ्याच वस्तू जळू शकतात. वीज कंपनीला १९१२ वर कळवा.

आराशीसाठी खांबावर आकडा टाकू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार ती वीजचोरी आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आकड्याला ना एमसीबी असतो, ना आरसीसीबी. घरची आरास घरच्या मीटरवर आरामात चालते. मंडळांनी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी.

बिघाड कुठे आहे, कसा ओळखायचा?

- एका ठिकाणापासून पुढचे सगळे दिवे बंद: शेवटचा पेटलेला दिवा किंवा पहिला बंद दिवा, दोघांपैकी एक खराब. तेवढे बदला, पूर्ण माळ फेकू नका.
- एकच पूर्ण माळ बंद: तिचा फ्यूज बघा. नवा लावल्यावर पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज किंवा तार लावू नका.
- सगळे दिवे लुकलुकतात: मायनसचा जोड आणि डेटा वायरची लांबी तपासा.
- लाल सांगितलं तर हिरवा पेटतो: बिघाड नाही. कंट्रोलरमध्ये रंगांचा क्रम बदला.

बटण दाबण्याआधी

माळा न जोडता एसएमपीएस चालू करा आणि मल्टिमीटरवर ५ व्होल्ट येतात का बघा. मग बंद करून एक माळ जोडा, तपासा, पुन्हा बंद करून दुसरी जोडा. सगळ्या माळा जोडून झाल्या की अर्धा तास पूर्ण पांढऱ्यावर चालवा. मग बटण बंद करून वायरी, जोड आणि टर्मिनल हाताने चाचपा. जिथे हात ठेववत नाही, तिथे जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. डब्ल्यूएलईडी वापरत असाल तर त्यात जास्तीत जास्त करंटची मर्यादा टाकता येते, ती जरूर टाका. रात्री झोपताना आणि घर बंद करताना मेन बटण बंद करा.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा. वायरीला आग लागली तर पाणी टाकू नका; मेन बंद करून कोरडी माती किंवा वाळू टाका.

फ्यूज, थिंबल आणि जाड वायर यांचा खर्च अख्ख्या आराशीच्या खर्चापुढे थोडाच असतो. या वर्षी दिव्यांची एक माळ कमी घ्या, पण हे सामान आधी घ्या.