छायाचित्रांच्या कामासाठी संगणकाचा पडदा कसा निवडावा?

प्राथमिक शिक्षकास आज अध्यापनाबरोबर छायाचित्रांचेही काम करावे लागते. विद्यार्थ्यांची ओळखपत्रे, शाळेचा वार्षिक अंक, भित्तिपत्रक, सहल, स्नेहसंमेलन यांसाठी तो मोबाइलवर छायाचित्रे घेतो, संगणकावर उतरवतो, त्यांतील प्रकाश व रंग दुरुस्त करतो आणि छपाईस पाठवतो. या कामी कॅमेऱ्याचा विचार होतो, छपाईच्या दराचाही होतो. परंतु ज्या पडद्याकडे पाहून आपण दुरुस्ती करतो, त्या पडद्याचा, म्हणजे मॉनिटरचा, विचार क्वचितच होतो. वास्तविक सर्व निवाडा त्या पडद्यावरच अवलंबून असतो. तराजूच खोटा असला, तर वजन करणारा कितीही प्रामाणिक असो, माप चुकायचेच.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करणे इष्ट वाटते. 2014 साली मी एका द्विशिक्षकी शाळेवर होतो. मुलांच्या ओळखपत्रांसाठी मी स्वतः छायाचित्रे घेतली. आमचा पडदा संगणकाच्या पेटीवर उंच ठेवलेला असून मी समोर बुटक्या खुर्चीवर बसत असे. पडद्यावर मुलांचे चेहरे फार काळपट दिसत, म्हणून एकेक चित्र मी बरेच उजळ केले. ओळखपत्रे छापून आली तेव्हा सर्व चेहरे पीठ फासल्यासारखे पांढुरके झालेले होते. दुसऱ्या इयत्तेतील एक सावळी मुलगी आपले ओळखपत्र घेऊन धावत आली आणि म्हणाली, "गुरुजी, मी गोरी झाले!" तिचा आनंद पाहून मला लाज वाटली. तिच्या रंगात काही उणे आहे, असे मी एक शब्दही न बोलता तिला शिकवले होते. ओळखपत्रे पुन्हा छापून घेतली. परंतु दोष मूळ छायाचित्रांत नव्हता, पडद्यात व तो पाहण्याच्या माझ्या रीतीत होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अशी चूक इतरांकडून होऊ नये, हा या लेखाचा हेतू आहे.

1. पडद्याची जात

आजच्या सर्वसाधारण मॉनिटरमध्ये मागील बाजूस दिवे असतात व त्यांच्यापुढे द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. हे स्फटिक विजेच्या योगाने वळतात व प्रकाश कमीअधिक प्रमाणात पुढे सोडतात. खोक्यावर 'एलईडी' असे लिहिलेले असते, ते केवळ मागील दिव्यांचे नाव होय. त्यावरून पडद्याचा गुण कळत नाही. गुण कळतो तो थराच्या जातीवरून. या जाती मुख्यत्वे तीन आहेत.

टीएन जातीचा पडदा स्वस्त असतो. परंतु त्याकडे खालून पाहिल्यास चित्र काळवंडते व वरून पाहिल्यास फिकट दिसते. वर सांगितलेल्या प्रसंगी माझी फसगत झाली ती याच कारणाने. व्हीए जातीच्या पडद्यात काळा रंग गडद येतो. त्यातील सर्वांत उजळ व सर्वांत काळ्या भागांचे प्रमाण सुमारे 3000 ला 1 असते; परंतु बाजूने पाहता गडद छटा बदलतात. आयपीएस जातीत हे प्रमाण सुमारे 1000 ला 1 एवढेच असले, तरी तिचे स्फटिक पडद्याच्या पातळीतच फिरत असल्यामुळे कोन बदलला तरी रंग फारसे बदलत नाहीत. ही जात जपानमधील हिताची कंपनीने 1996 साली प्रचारात आणली. पूर्वी ती महाग होती. आज साध्या किमतीच्या मॉनिटरमध्येही मिळते. छायाचित्रांच्या कामासाठी आयपीएस पडदाच घ्यावा.

2. रंगांचा आवाका

पडद्यास किती रंग दाखवता येतात, हे मोजण्यासाठी काही परिमाणे ठरलेली आहेत. त्यांपैकी आपल्या उपयोगाचे परिमाण एसआरजीबी हे होय. ते 1996 साली एचपी व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी सुचवले व 1999 साली त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सर्वसाधारण छपाईची दुकाने हेच परिमाण गृहीत धरून काम करतात. माहितीपत्रकात एसआरजीबीचे प्रमाण 99 टक्के वा त्याच्या जवळपास असावे. काही कंपन्या एनटीएससी या अमेरिकेतील 1953 सालच्या दूरचित्रवाणीच्या परिमाणात आकडा देतात. तेथे 72 टक्के हा आकडा स्थूलमानाने पूर्ण एसआरजीबीइतका समजावा. 45 टक्के असा आकडा आढळल्यास तो पडदा घेऊ नये. त्यावर कुंकवाचा लाल रंगही विटलेला दिसतो.

दुसरी गोष्ट छटांची. लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या दाखवणाऱ्या पडद्यास आठ बिटांचा पडदा म्हणतात. त्यावर सुमारे 1 कोटी 67 लाख छटा होतात. सहा बिटांच्या पडद्यात प्रत्येक रंगाच्या 64 च पायऱ्या असून मधल्या छटांचा भास दोन छटा वेगाने आलटून-पालटून दाखवून केला जातो. शाळेच्या कामास तोही चालू शकेल. परंतु किमतीत थोडाच फरक असल्यास आठ बिटांचा घ्यावा.

3. आकार

24 इंची पडद्यावर 1920 गुणिले 1080 बिंदू असल्यास दर इंचास सुमारे 92 बिंदू पडतात. तेवढेच बिंदू 27 इंची पडद्यावर पसरले, तर दर इंचास सुमारे 82 च उरतात व चित्र भरड दिसते. 27 इंची पडदा घ्यावयाचा तर तो 2560 गुणिले 1440 बिंदूंचा असावा, आणि तो महाग पडतो. यास्तव शाळेस 24 इंची पडदा योग्य होय.

4. कशासाठी पैसे देऊ नयेत

दर सेकंदास 144 वा अधिक वेळा चित्र बदलणारा पडदा खेळांसाठी असतो. स्थिर छायाचित्रांस 60 वेळा पुरेसे आहे. पडद्याच्या वक्राकाराचाही या कामी उपयोग नाही. स्वस्त मॉनिटरवरील 'एचडीआर' या अक्षरांस फारसा अर्थ नसतो. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' या नावाखाली लाखो-कोटींचे आकडे छापलेले असतात, त्यांकडेही लक्ष देऊ नये.

5. दुकानातील परीक्षा

दुकानात जाताना शाळेतील एक छायाचित्र पेनड्राइव्हवर न्यावे व त्याचीच चांगली छापील प्रत बरोबर घ्यावी. चित्र असे निवडावे की ज्यात पांढरा सदरा, काळे केस व वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असतील. मग पुढीलप्रमाणे पाहावे:

(अ) पडद्यासमोर उभे राहून, वाकून व बाजूस सरकून पाहावे. चेहऱ्याचा रंग बदलता कामा नये.
(आ) पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या व काळ्या केसांतील बटा दोन्ही स्पष्ट दिसाव्यात.
(इ) पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा असे पाच पडदे क्रमाने दाखवण्यास सांगावे. मृत बिंदू व डाग लगेच दिसून येतात.
(ई) पडदा चकचकीत नसून निस्तेज पृष्ठाचा असावा. नाहीतर त्यात खिडकीचेच प्रतिबिंब दिसेल.

6. शाळेत आणल्यानंतर

उत्तम पडदाही चुकीच्या रीतीने ठेवल्यास फसवतो. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस असावी व ऊन त्यावर पडू नये. नवीन पडदे कारखान्यातून फार प्रखर करून येतात. त्यामुळे चित्र पडद्यावर उजळ दिसते व छापल्यावर काळे येते. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून शेजारी कोरा कागद धरावा व दोहोंचा उजेड सारखा दिसेपर्यंत प्रखरता कमी करावी. एसआरजीबी नावाची व्यवस्था असल्यास तीच ठेवावी. रात्री पडदा पिवळसर करणारी 'नाइट लाइट' सोय काम करताना बंद असावी. विंडोजमध्ये रंग जुळवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. रंग मोजण्याचे यंत्रही मिळते; परंतु ते एकट्या शाळेने न घेता केंद्रातील सर्व शाळांनी मिळून एक घेणे हितावह. शेवटी, सर्व प्रती छापण्यापूर्वी एकच प्रत छापून ती पडद्याशी व प्रत्यक्ष मुलाच्या चेहऱ्याशी ताडून पाहावी.

सारांश, 24 इंची, आयपीएस जातीचा, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा साधा पडदा शाळेच्या कामास पुरेसा आहे, आणि लोकवर्गणीतूनही तो घेता येण्याजोगा आहे. ओळखपत्रावरील छायाचित्र हे पुष्कळ मुलांचे पहिलेच छापील चित्र असते. घरी ते जपून ठेवले जाते. त्यात मूल जसे आहे तसे दिसावे, एवढी दक्षता शिक्षकाने अवश्य घ्यावी.