ऑस्ट्रियन संप्रदाय : योजनेवाचून घडणारी व्यवस्था



‘बटाटा’ आणि ‘चावी’ हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. ते स्वीकारावेत, असा ठराव कोणत्याही सभेने केला नव्हता. बोलणाऱ्यांनी ते गरजेपुरते वापरले आणि ते रूढ झाले. भाषेप्रमाणेच पैसा आणि बाजारही कोणाच्या आज्ञेवाचून घडतात, असे मानणाऱ्या अर्थविचाराला ‘ऑस्ट्रियन संप्रदाय’ म्हणतात. या घटकात आपण त्याची ओळख करून घेऊ.

उगम : व्हिएन्नातील कार्ल मेंगर यांचा ‘अर्थशास्त्राची तत्त्वे’ हा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तूचे मूल्य तिच्यात ओतलेल्या श्रमांवरून नव्हे, तर वापरणाऱ्याच्या गरजेवरून ठरते, असे त्यांनी प्रतिपादिले. घरात दहा तांबे पाणी आहे, अशी कल्पना करा. एक तांब्या सांडला, तर आपण अंगण शिंपणे सोडतो. पिणे सोडत नाही. म्हणून एका तांब्याचे मूल्य शिंपण्याइतकेच ठरते. हाच सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त होय.

१८८३ मधील ग्रंथात मेंगर यांनी विचारले : समाजाला उपकारक संस्था सामूहिक संकल्पावाचून कशा निर्माण होतात? इतिहासाभ्यासावर भर देणारे जर्मन अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव श्मोलर यांच्याशी त्यांचा अध्ययनपद्धतीवरून तीव्र वाद झाला. मेंगर यांच्या अनुयायांना ‘ऑस्ट्रियन’ हे नाव प्रतिपक्षाने आरंभी हिणवण्यासाठीच दिले.

किंमत आणि ज्ञान : उत्पादनसाधने सरकारी मालकीची झाल्यास त्यांचे बाजारभाव उरणार नाहीत आणि खर्चाचा हिशेबच मांडता येणार नाही, असा आक्षेप लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये समाजवादावर घेतला. फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ मध्ये दाखविले की, आर्थिक ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते. दूर देशी कॉफीचे पीक बुडाले, तरी ग्राहकाला त्याचे कारण कळत नाही. भाव वाढल्याचे तेवढे कळते आणि तो एक कप कमी पितो.

मर्यादा : नियोजन मंडळही चुका सुधारत योग्य किमती शोधू शकेल, असे उत्तर ऑस्कर लांगे यांनी दिले. शिवाय बाजाराला मागणी ऐकू येते ती पैशांच्या भाषेत. रिकाम्या खिशातील भूक किमतीत उमटत नाही. भाषेचा दाखलाही पुरता एकतर्फी नाही. शब्द आपोआप रुळतात. प्रमाणलेखनाचे नियम मात्र विचारपूर्वक ठरवावे लागतात. १९७४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक हायेक आणि नियोजनाचे समर्थक गुन्नार मिर्दाल यांना विभागून मिळाले, ही घटना या वादाची बोलकी खूण आहे.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील एखादी रूढी घ्या. ती आपोआप घडली की घडविली गेली? तिचा लाभ कोणाला होतो आणि कोण वगळले जाते? दहा ओळींत लिहा.