खाऱ्या जमिनीतला संसार

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्या चित्रांत तुम्हाला काच आणि पोलाद दिसले असेल. मला मात्र त्याखालची खाचरे आठवतात. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशी गावे तिथून उठून दुसरीकडे वसली. इथला शेतकरी समुद्राशी भांडून भात पिकवीत होता. ही शेती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खाडीकाठची जमीन भरतीच्या पाण्याखाली जाणारी. आगरी-कोळी पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून ती पाण्यातून काढली. बाहेरच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात आणि त्यात ठेवलेल्या दाराला उघाडी. उघाडीची झाप अशी बसवलेली असते, की ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते आणि भरतीला समुद्राच्या रेट्याने मिटते. यंत्र नाही, इंजिन नाही. पावसाचे पहिले पाणी खाचरात कोंडायचे, मातीतला खार त्यात उतरू द्यायचा आणि ते पाणी ओहोटीला उघाडीवाटे सोडून द्यायचे. असे दोन-तीनदा धुतल्यावर जमीन लावणीजोगी होते. रोप कोवळे असताना खार सोसत नाही, जरा थोराड झाले की सोसते. म्हणून आवण गोड्या जागी करायचे आणि लावणीची घाई करायची नाही. हे कोणत्याही पुस्तकाआधी इथल्या बायाबापड्यांना ठाऊक होते. बुरा राता, काळा राता या खाऱ्यात तगणाऱ्या लाल भातांचे बियाणे त्यांनीच पिढ्यान् पिढ्या जपले. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती निघाल्या, त्यांतल्या काहींच्या मुळाशी हीच जपणूक आहे. आम्ही पदवीवाले मागाहून आलो, हे कबूल केलेले बरे.

आता खरी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, त्यातून पावसाळ्यात, बांधाला खांड पडते. ओहोटी लागली की पुढची भरती यायला सहा तास. तेवढ्यात खांड बुजली नाही, तर खारे पाणी एकाच्या नव्हे, बांधाआड असलेल्या सगळ्यांच्या शेतात शिरते, आणि ती जमीन पुढची दोन-तीन वर्षे धड पिकत नाही. म्हणून हाक आली की घरटी एक माणूस घमेले-फावडे घेऊन निघे. भांडण असले तरी निघे. अलिबागकडे या रीतीला जोळ म्हणतात. हे काही थोर मनाचे लक्षण नव्हते, बरे का; शेजाऱ्याचा बांध फुटला तर आपला ताट रिकामा, एवढा सरळ हिशेब होता.

दुसरा हिशेब घरातला. भात वर्षातून एकदाच, तेही फुटक्या नशिबाचे. तेव्हा संसार एका पायावर उभा करायचाच नाही. झोडणी झाली की पुरुष मिठागरावर किंवा खाडीत, बाया मासळीची पाटी घेऊन बाजारात. बांधावर तूर, सुकल्या खाचरात वाल, तळ्यात जिताडा. पेंढाही विकायचा. आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याचे तोंड, जवळ आली की सुकट, बोंबील, मीठ, मसाला, लाकूडफाटा, शेणी यांची बेगमी. आगोटीआधी कणगीकडे पाहून चार महिने मोजणारी बाई ही माझ्या मते कोणत्याही अर्थतज्ज्ञाहून कमी नाही.

याच बळावर या मुलखाने मोठे प्रसंग काढले. अलिबाग तालुक्यात चरी गावच्या सभेतून १९३३ साली खोतांविरुद्ध संप उभा राहिला. नारायण नागू पाटील पुढारी, २५ गावांनी शेती न कसण्याचे ठरवले, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्याने सहा वर्षे नांगर धरायचा नाही! चुली पेटल्या त्या रानातला लाकूडफाटा आणि खाडीतली मासळी यांवर. एकाच पायावर उभे असते, तर पहिल्या आगोटीलाच गुडघे टेकले असते.

पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आले. तेही मिळायला अनेकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

मी पाहिलेले सांगतो. भूखंड हाती आल्यावर काही घरांनी तो विकला, गाडी घेतली, हळदीला गाव जेवू घातले, आणि पैसा पाच वर्षांत आटला. दोष देत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याने रोकड पाहिली नाही, त्याला रोकड पेरायची कशी, हे कोणी शिकवले होते? आमच्या खात्यानेही नाही. ज्या घरांनी जुना हिशेब नव्या पैशाला लावला, ती तगली. थोडे बँकेत, थोडी भाड्याची खोली, एक मुलगा नोकरीत, आई अजून मासळीच्या पाटीवर. लोक हसले, पण आईने पाटी सोडली नाही.

आणि जिथे शेती उरली आहे, तिथे नवेच संकट आहे. अर्ध्या जमिनी गेल्या, पण बांध अख्खाच राखावा लागतो. ज्याची जमीन गेली, तो खांड बुजवायला का येईल? उरण-पनवेलकडे अशा बेवारस बांधांतून खारे पाणी उरल्यासुरल्या शेतात शिरते. तुमच्या गावी समुद्र नसेल, पण पाझर तलाव, पाट, सामाईक विहीर असेलच. तिथेही नेमका हाच प्रश्न येतो: गेलेल्यांच्या वाट्याचे काम कोण करणार?

गेल्या आगोटीआधी एका बाहेरकाठ्यावर गेलो होतो. कसणारी घरे जेमतेम सात. एका म्हाताऱ्या काकांना विचारले, "काका, एवढा बांध तुम्ही सातजण कसा राखता?" ते म्हणाले, "सातजण कुठं, साहेब? ज्यांची जमीन गेली, त्यांच्याही दारात गेलो. म्हटलं, येऊ नका, एका दिवसाची मजुरी द्या. चौघांनी दिली. एकाचा पोरगा कंपनीतनं रजा काढून स्वतः आला." खाली त्या पोराची आई चिखलात पेंढा कालवीत होती, आणि तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घमेली उचलीत होता. ओहोटीचे दोन तास उरले होते. मीही चपला काढल्या.