सिकलसेल : वॉर्डातील मुलांना लागणारा दुसरा बाण

सिकलसेल विदर्भातील बौद्ध समाजाला नवा नाही. आदिवासींप्रमाणेच आपल्या वस्त्यांतही त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तपासणी, रक्त, गोळ्या यांवर आपण बोलतो. पण वेदनेचा झटका आल्यावर पुन्हापुन्हा दवाखान्यात भरती होणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या मनाचे काय?

या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे, छाती, पोट असह्य दुखते, पण बाहेरून जखम दिसत नाही. म्हणून "नाटक करतो", "शाळा बुडवायची आहे" असे सहज बोलले जाते. त्यात अनेकांची उंची-वजन कमी राहते, वयात येणे लांबते, डोळे पिवळे दिसतात. वर्गातली मुले पुढे जातात आणि आपण मागे राहिलो असे वाटू लागते. मुलींच्या कानावर लग्नाची काळजी लवकर पडते. आईवडिलांची ओढाताण पाहून "मी घरावर ओझे आहे" असा विचार मनात घर करतो. मग कोणी चिडते, कोणी गप्प होते, कोणी गोळ्याच सोडून देते.

सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण, त्यावरून मनाला होणारी तडफड हा दुसरा. या मुलांना दुसरा बाण अनेकदा आपणच मारतो. "मागच्या जन्माचे पाप" म्हणणे तर बाबासाहेबांनी नाकारलेल्या कर्मकल्पनेकडे परत जाणे आहे. हा आजार जनुकीय आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते. यात दोष कोणाचाही नाही.

तरुण कार्यकर्त्यांना बरेच करता येईल. मूल दुखते म्हणाले, तर आधी विश्वास ठेवा. "धीर धर" सांगण्यापेक्षा शेजारी बसा. शाळेच्या वह्या आणि मित्रांचे निरोप वॉर्डात पोहोचवा. डॉक्टरांशी त्याला स्वतः बोलू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी कुटुंबाला मदत करा. मन फार खचले असेल, तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक द्या. जगणे नको अशी भाषा ऐकू आली, तर मुलाला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

घाणीत एकट्या पडलेल्या आजारी भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली होती. रुग्णसेवा हा धम्माचाच भाग आहे. विहारातल्या पुढच्या बैठकीत आपल्या वस्तीतले कोणते मूल सध्या दवाखान्यात आहे, एवढे तरी विचारूया.