आधीं ठरलेला भाव

मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत 'क्रयविक्रयानुशय' असें एक पद आहे. अनुशय म्हणजे घेतल्या-विकल्यानंतर होणारा पश्चात्ताप. तो झाल्यास सौदा फिरविण्याला स्मृतिकारांनीं दहा दिवसांची मुदत दिली आहे. परंतु भाव आज ठरावयाचा आणि माल चार-पांच महिन्यांनीं पिकावयाचा, अशा सौद्यांत पश्चात्तापाला केवढा अवकाश! आमच्या खानदेशांत असे सौदे झाले, त्यांविषयीं येथें लिहीत आहों.

जळगांव येथें भवरलाल जैन यांनीं स्थापिलेल्या जैन इरिगेशन या कंपनीनें चालू शतकाच्या आरंभापासून जळगांव-धुळ्याकडील शेतकऱ्यांशीं पांढऱ्या कांद्याच्या लागवडीचे करार केले. हा कांदा वाळवून परदेशीं पाठवावयाचा. आपल्या स्वयंपाकघरांतला लाल कांदा त्या कामीं येत नाहीं. त्यांत पाणी फार, आणि वाळल्यावर त्याचा रंगही बिघडतो. उलट, वाळवणाचा पांढरा कांदा आपल्याकडील गिऱ्हाईक फारसा मागत नाहीं. म्हणजे कारखान्याला शेतकऱ्यावांचून व शेतकऱ्याला कारखान्यावांचून गति नाहीं.

कंपनीनें बीं पुरवावें, लागवडीची माहिती द्यावी आणि किमान भाव आधींच सांगावा. बाजार उतरला तरी तो भाव द्यावा, चढला तर बाजारास अनुसरून अधिक द्यावा, अशी ही व्यवस्था होती. यांतील शेवटची अट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. एकच भाव बांधला, तर बाजार चढतांच शेतकऱ्याला अनुशय होतो, आणि उतरतांच खरेदीदाराला.

कायदा या कामीं किती उपयोगी? कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. महाराष्ट्रानें २००६ सालीं बाजार समित्यांच्या कायद्यांत करारशेतीस जागा करून दिली. केंद्र सरकारचा २०२० चा कायदा शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर २०२१ सालीं रद्द झाला. पण कायदा कोणताही असो, एका बाजूस वकिलांचा ताफा आणि दुसऱ्या बाजूस दोन एकरांचा धनी असला, म्हणजे कोर्टाची पायरी कोणाला परवडते हें सांगावयास नको. 'प्रत हलकी' म्हणून परत केलेला माल त्यानें कोठें न्यावा?

आमच्या लहानपणीं घरची वर्षाची ज्वारी एकाच शेतकऱ्याकडून येत असे. भाव पोळ्याच्या सुमारास ठरे. एका वर्षीं सुगींत बाजार बराच उतरला. काका म्हणाले, "यंदा बाजारांतूनच घेऊं, चार पैसे वांचतील." आजी निवडीत असलेलें सूप खालीं ठेवून म्हणाली, "मागल्या सालीं महागाई होती, तेव्हां त्यानें ठरल्या भावानेंच माप घातलें. त्या वेळीं तूं कांहीं बोलला नाहींस." काका निरुत्तर झाले, आणि ज्वारी नेहमींच्याच घरून आली.

ज्यांच्या घरीं शेती आहे, त्यांनीं सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: मालाची प्रत कोणासमक्ष ठरणार, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि पीक बुडाल्यास बियाण्याचें देणें कोणाच्या माथीं. आणि ज्यांचीं मुलें खरेदीदारांच्या कचेऱ्यांत बसतात, त्यांनीं आमच्या आजीची ही गोष्ट त्यांच्या कानांवर घालावी.